बानाबाईनं पारखलेली खोली

बानाबाईला माणसं भीत, ती कुणाला भीत नसे. एकदा मेंढरांत लांडगा शिरला, तर तिनं त्याला काठीनं आणि शिव्यांनी पळवून लावलं. त्यात काठीचं काम कमी होतं, असं तिचा नवरा त्रिंबक सांगायचा. अशी ही बाई या उन्हाळ्यात एका पत्र्याला भ्यायली. पत्रा म्हणजे डोक्यावरचा, छपराचा.

गंगापूरकडच्या धनगराच्या घरातली ती. लग्नानंतर तीस वर्षं, वर्षातले आठ महिने, ती मेंढरांबरोबर फिरली. त्यांच्यात रीत अशी की सकाळी पुरुष कळप घेऊन चरायला निघतात आणि बायका घोड्यावर संसार लादून पुढं जातात, मुक्काम हेरतात, चूल मांडतात. दिवस मावळता मेंढरं तिथं येऊन बसतात. म्हणजे आज कुठं झोपायचं हे घरात बाई ठरवते, आणि त्या कामात बानाबाईचा हात धरणारं कुणी नव्हतं. ती चिमूटभर माती वाऱ्यावर सोडायची, जमिनीला तळवा लावून बघायची, कुत्रं कुठं अंग टाकतं तिकडं लक्ष ठेवायची. थंडीत खोलगट जागा धरायची, पावसात चढाची. तिनं बसवलेला वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, कधी भिजला नाही की तिथं एखादं कोकरू गारठून मेलं नाही. जागा बघावी बानाबाईनं, असं चार गावांत म्हणत.

पुढं त्रिंबक गेला. चराईच्या रानांत प्लॉट पडले, त्यांना तारांची कुंपणं झाली, मेंढरं विकावी लागली. मुलगा हनुमान चिकलठाण्याला एका कंपनीत लागला होता. गेल्या थंडीत त्याची बायको ज्ञानेश्वरी सात महिन्यांची गरोदर होती आणि बाळंतपण शहरात करायचं ठरलं. मग सासू-सुनेला राहायला खोली हवी.

हनुमाननं दोन खोल्या हेरल्या होत्या. एक हर्सूलला, तलावाच्या अंगाला. स्लॅबची, वर आणखी एक मजला, समोरासमोर दोन खिडक्या. भाडं साडेचार हजार, आणि कंपनी लांब. दुसरी मुकुंदवाडीत, साहेबराव नावाच्या घरमालकाची. वर पत्रा, पण भाडं दोन हजार, आणि कंपनी सायकलच्या टप्प्यात. वाचतील ते पैसे प्लॉटसाठी बाजूला टाकता येणार होते. स्वतःचा एक प्लॉट, एवढीच हनुमानची हौस होती.

"माय, म्या दोन्ही पाह्यल्या," तो म्हणाला. "पर जागा तू पारख."

पौषाचे दिवस होते. हर्सूलच्या खोलीत बानाबाई दारात उभी राहिली तर तलावावरून आलेला वारा एका खिडकीतून आत आणि दुसरीतून बाहेर. तिनं पदर कानावर ओढला आणि निघाली. मुकुंदवाडीची खोली मात्र खळग्यात होती. तिन्ही बाजूंना इमारतींच्या पाठी, वाऱ्याला शिरायला फटसुद्धा नाही. तिनं भिंतीला तळवा लावला, भिंत उबदार. उंबऱ्याशी गल्लीतलं कुत्रं नाक पोटात घालून निजलेलं. आणखी काय बघायचं? आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. ऊब तर मिळालीच, वर स्वस्तही.

"पर उन्हाळ्याचं काय, माय? पत्रा हाय," हनुमान म्हणाला.

"उन्हाळ्याचं उन्हाळ्यात पाहू. तुह्या बायकोला बाळंतपणात वारं लागलं तर जल्माचं दुखणं होईल."

तिचं काही चुकलं असं तिला वाटायचं कारण नव्हतं. उन्हाळ्याचं उन्हाळ्यात, हेच ती जन्मभर करत आली होती. ऊन तापलं की वाडा उचलायचा आणि नदीकाठच्या झाडाखाली न्यायचा. इथं साहेबरावनं अकरा महिन्यांचा करार केला. मधेच खोली सोडली तर डिपॉझिट परत नाही, हेही त्यानं वाचून दाखवलं. बानाबाईनं मान डोलावली. कागदाची मुदत तिच्या हिशेबात बसलीच नाही. एका जागी अकरा महिने ती आयुष्यात कधी राहिली नव्हती.

फेब्रुवारीअखेर नात झाली. नाव मोनिका ठेवलं, हनुमानच्या सुपरवायझरच्या लेकीचं होतं म्हणून. महिनाभर खोलीचं कौतुक झालं. मग एप्रिल आला. उंबऱ्यावरचं कुत्रं उठून गटारीच्या ओलीत जाऊन पडलं, आणि बानाबाईच्या मनात पहिली कळ उठली. तिला कुत्र्याचं उठणं कळत होतं. पण आता घोडा कुठं होता, आणि संसार कशावर लादायचा?

तिनं पत्र्याला चुना लावून घेतला. वर गोणपाटं टाकली, पण नळाला पाणी आठवड्यानं, ती भिजवायची कशानं? कूलर घेतला तर तोही कोंडलेली, गरम वाफ अंगावर फेकायचा. दुपारी भिंतीला पाठ टेकवत नव्हती. पोरीची झोळी छताच्या पाइपला बांधली होती. वर जास्त तापतं हे कळल्यावर बानाबाईनं झोळी सोडून तिला जमिनीवर ओल्या साडीवर निजवायला सुरुवात केली. रोज दहा वाजले की तिला त्या पत्र्याची धास्ती वाटायची. ती कुणाला सांगत नव्हती. सांगायचं तर खोली कुणी बघितली, हा प्रश्न आला असता.

मेच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. हनुमान ड्युटीवर होता. टँकर आला म्हणून ज्ञानेश्वरी हंडे घेऊन रांगेत गेली. अकरापासून लाईट नव्हती. मोनिका सकाळपासून किरकिरत होती, नंतर तिनं आक्रोश मांडला. बानाबाई सुपानं वारा घालून घालून थकली. आणि एकाएकी पोरगी गप्प झाली.

चला, निजली एकदाची, असं बानाबाईला वाटलं. खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. तिनं भिंतीपासून सरकून पाय पसरले, घोटभर पाणी घेतलं. असा अर्धा तास गेला. नंतर ओली साडी बदलावी म्हणून तिनं पोरीला उचललं, तर अंग तव्यासारखं तापलेलं आणि घामाचा थेंब नाही. डोळे अर्धवट उघडे. टाळू खोल गेलेली. मान हातावरून लोंबली.

उन्हात पडलेली कोकरं बानाबाईनं पाहिली होती. ती आधी ओरडतात, मग ओरडायची थांबतात. हे तिला ठाऊक होतं आणि तरी ती अर्धा तास शेजारी बसून राहिली होती. ती उठली कशी हे तिलाही पुढं सांगता आलं नाही, पण अनवाणी, पोरीला छातीशी धरून ती तापल्या गल्लीतून पळाली.

गल्लीच्या तोंडाशी सुकेशनी राहायची. ती आशाताई, घरोघर जाऊन लेकरांची वजनं घेणारी. तिनं लगेच पोरीच्या अंगावरचं झबलं काढलं, ओल्या फडक्यानं अंग पुसत पुसत रिक्षा थांबवली.

"बसा मावशी. घाटीच्या दवाखान्यात जाऊ. तिच्या पायाला टिचक्या मारत राहा."

बानाबाई टिचक्या मारत राहिली. पोरगी रडली नाही. सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा बानाबाईनं देवांची नावं घेतली, जी आठवली ती सगळी. माझं आयुष्य घे, असंही म्हणाली. ते घेऊन देव काय करणार होता कुणास ठाऊक, पण तिच्याकडं द्यायला दुसरं काही नव्हतं.

दवाखान्यात सलाईन लागलं. हनुमान आणि ज्ञानेश्वरी धावत आले. तरण्या डॉक्टरीणबाईनं तपासता तपासता विचारलं, "घराला पत्रा आहे का?"

"व्हय," बानाबाई म्हणाली. "म्याच पसंत केली ती खोली."

हे डॉक्टरीणबाईनं विचारलं नव्हतं.

संध्याकाळी पोरीनं पहिल्यांदा दूध ओढलं. तिसऱ्या दिवशी ती चांगली खणखणीत रडली आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या की जगली, पण पाऊस लागेपर्यंत त्या खोलीत नेऊ नका. त्या तीन दिवसांत ज्ञानेश्वरी सासूशी वाईट बोलली नाही. चांगलंही बोलली नाही. तिनं भांडण काढलं असतं तर बानाबाईनं ते आनंदानं ऐकून घेतलं असतं.

हर्सूलची ती खोली केव्हाच गेली होती. त्याच गल्लीत दुसरी होती, भाडं साडेपाच हजार. साहेबरावनं डिपॉझिटला हात वर केले. प्लॉटचं नाव हनुमाननं पुन्हा काढलं नाही. तो एवढंच म्हणाला, "माय, एकदा येऊन पाह्यजो. तू पाह्यल्याबिगर मी घेत नाय."

बानाबाईनं हात पदराखाली घेतले. "मला नको इचारू," ती म्हणाली. "जागा पाह्याचं माह्याकडून सुटलं आता."

खोली हनुमाननंच ठरवली. सामान लागल्यावर दुसऱ्या दिवशीची दुपार. खिडकीतून वारा येत होता, फरशी गार होती. पोट भरून मोनिका निजली, शेजारी ज्ञानेश्वरीचाही डोळा लागला. पंधरा दिवसांत पहिल्यांदा घरातलं कुणी स्वस्थ निजलं होतं. बानाबाई पोरीजवळ बसून होती. तिनं पोरीच्या पोटावर हात ठेवला, तो वर-खाली होत होता. कपाळ गार होतं, टाळू भरलेली होती. सगळं ठीक होतं. पण पोरगी गप्प होती.

बानाबाईनं थोडा वेळ धीर धरला. मग तिनं पोरीच्या दंडाला चिमटा काढला.

मोनिका किंचाळून रडायला लागली. ज्ञानेश्वरी दचकून उठली. "आत्या, आताच तर निजली होती. कामून उठवलं?"

"चिमटा घेतला म्या," बानाबाई म्हणाली. "रडू दे बाई तिला. जरा वेळ रडू दे."

ज्ञानेश्वरीनं पोरीकडं नेलेला हात मागं घेतला. तिनं पोरीला उचललं नाही. ती सासूजवळ सरकून बसली आणि दोघी तिचं रडणं ऐकत राहिल्या.