शून्याखालचे पाच लिटर

कुठलीही वस्तू दिसली की ती अजून किती वेळ पुरेल, हे सिस्टरना आधी दिसायचं. एकतीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई. सलाईनच्या बाटलीकडे नुसतं बघून त्या ‘अजून पन्नास मिनिटं’ म्हणायच्या आणि एकोणपन्नासाव्या मिनिटाला नवी बाटली घेऊन हजर व्हायच्या. घरातही तेच. गॅस कधी संपेल, टूथपेस्टच्या पोटात किती दिवस उरलेत, राहायला आलेले पाहुणे कितव्या दिवशी आपसात कुरकुरायला लागतील, सगळं त्यांना आधीच ठाऊक. इमारतीत त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे. नवरासुद्धा ‘अगं सिस्टर’ म्हणायचा.

नवऱ्याला सगळे कंट्रोलर म्हणत. बस डेपोत ते टाइमकीपर होते. कुठली बस किती वाजता सुटली आणि किती वाजता परत आली, हे रजिस्टरात लिहायचं, एवढंच काम. पण तोरा असा, की जणू बसगाड्या डिझेलवर नाही, ह्यांच्या पेनावर चालतात. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक छोटी पांढरी गाडी घेतली आणि रोज तिला अंगण पुसावं तशी पुसू लागले.

दोन वर्षांपूर्वी ते विसरायला लागले. आधी चष्मा, मग शब्द, मग जावयाचं नाव. (‘त्यात लक्षात ठेवण्यासारखं काही नव्हतंच,’ असं सिस्टर तेव्हा म्हणाल्या होत्या.) गाडी मात्र ते पूर्वीसारखीच चालवत. चार किलोमीटरवरच्या बाजारात जायचे, भाजी आणायचे, रेषेत गाडी लावायचे. तरी डॉक्टरांनी सांगितलं, किल्ली काढून घ्या. मुलगी तर रोज फोनवर मागे लागायची.

“आई, किल्ली लपव. एक दिवस बाबा निघतील आणि परत यायचंच विसरतील.”

“त्यांचे हात विसरलेले नाहीत गं. गिअर कसा टाकतात, बघ एकदा येऊन.”

“हातांना गिअर आठवेल. घराचा पत्ता कोण सांगणार हातांना?”

सिस्टरनी फोन ठेवला. किल्ल्या काढून घेतलेली माणसं त्यांनी वॉर्डात पाहिली होती. खुर्चीत बसवलं की बसतात, उठवलं की उठतात. त्यांना नवरा घरात हवा होता, पण नुसता ठेवलेला नको होता. तो बाहेर जायला हवा आणि संध्याकाळी परतही यायला हवा. दोन्ही हवं होतं.

मग त्यांनी गाडीचं पुस्तक काढून वाचलं. टाकी सदतीस लिटरची. एका लिटरला गाडी साधारण सोळा किलोमीटर जाते. कागदावर गुणाकार केला. जवळजवळ सहाशे किलोमीटर! टाकी भरलेली असली तर हा माणूस इतका लांब जाईल, की तिथे त्याला ओळखणारं कुणी भेटणार नाही.

किल्ली ठेवायची, पण पेट्रोल द्यायचं मोजून, असं त्यांनी ठरवलं. टाकीतलं होतं ते हळूहळू संपू दिलं. काटा शून्यावर आला, तसं दर सोमवारी आणि गुरुवारी त्या स्वतः पंपावर जाऊन दोन लिटर टाकून आणू लागल्या. दोन लिटर म्हणजे बत्तीस किलोमीटर. बाजाराच्या चार फेऱ्या होतील, पाचवी नाही.

पंपावरचा माणूस पहिल्या दिवशी हसला. “ताई, स्कूटर घरी विसरलात का? दोन लिटर काय टाकता एवढ्या गाडीत?”

“डोस आहे,” सिस्टर म्हणाल्या. “जास्त झाला तर माणूस हातचा जातो.”

त्यानं आकडा दोनवर आणून नळी बंद केली.

रोज संध्याकाळी नर्सिंग होममधल्या कामावरून आल्यावर त्या गाडीतला किलोमीटरचा आकडा बघत. आठ वाढलेला असे, नाहीतर शून्य. पहिल्या मंगळवारी तो सत्तर वाढलेला होता.

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. सत्तरच. सोमवारचे दोन लिटर धरले तर गाडी अर्ध्या रस्त्यात थांबायला हवी होती. गाडी तर जागेवर उभी होती, रेषेत. बॉनेटवर हात ठेवला तर चटका बसला. चाकांना राखाडी चिखल लागला होता, आणि गावात तर दोन महिने पाण्याचा थेंब पडलेला नव्हता.

“अहो, कुठे गेला होतात?”

“मी? झोपलो होतो की दुपारभर.” कंट्रोलर खोटं बोलत नव्हते. खोटं बोलताना ते कान खाजवायचे, आणि आत्ता त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते.

मंगळवार हा नर्सिंग होममध्ये ऑपरेशनचा दिवस. सुट्टी मिळत नसे. दुसऱ्या मंगळवारी पुन्हा सत्तर. काटा शून्यावर. या वेळी मागची सीट ओली होती. सगळी नाही, उजव्या बाजूला एक माणूस बसेल एवढीच. सिस्टरनी वास घेतला. दवाखान्यातले सगळे वास त्यांना कळत, पण हा तिथला नव्हता. साठलेल्या पाण्याचा, तळाशी बसलेल्या शेवाळाचा वास होता. भाजीची पिशवी गळली असेल, असं त्या स्वतःशीच मोठ्यानं म्हणाल्या आणि फडकं घेऊन आल्या. पुसलं, वारा लागावा म्हणून रात्रभर दारं उघडी ठेवली. सकाळी सीट पुन्हा ओली.

तिसऱ्या मंगळवारी संध्याकाळी तळमजल्यावरच्या शिवणकामवालीनं त्यांना जिन्यात गाठलं.

“सिस्टर, पाहुणे आलेत का तुमच्याकडे?”

“नाही. का?”

“अहो, दुपारी तुमचे साहेब समोरून गेले ना गाडी घेऊन. मागे कुणीतरी बसलं होतं. म्हटलं, पुढची सीट रिकामी आणि पाहुणा मागे! कंट्रोलरांनी टॅक्सी सुरू केली की काय!”

“बाई होती की पुरुष?”

“ते नाही दिसलं बाई. मान खाली होती.” तिनं सुई ओवता ओवता डोळे वर केले. “डेपोकडे वळले ते. आले तेव्हा एकटेच.”

सिस्टरनी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. ती सवय नोकरीनं लावली होती. रात्रीचं जेवण झाल्यावर ताटं उचलता उचलता त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, “आज बरोबर कोण होतं हो?”

कंट्रोलर पाणी पीत होते. पेला खाली ठेवून अगदी कामाच्या आवाजात म्हणाले, “सहा-चाळीसचा प्रवासी.”

सिस्टरनी उचललेली ताटं परत खाली ठेवली. सहा-चाळीसची बस त्यांना माहीत होती. लग्नाला तेव्हा वर्षच झालं होतं. सकाळी सहा-चाळीसला सुटलेली बस तलावावरच्या पुलाचा कठडा तोडून खाली गेली. मंगळवार होता. बरेच सापडले, चौदा जणांचा पत्ता लागलाच नाही. कंट्रोलर त्या दिवशी ‘परत’ या रकान्यासमोर पेन धरून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बसले होते. शेवटी साहेबानं हातातून रजिस्टर ओढून घेतलं. त्यानंतर घरात त्या बसचा विषय कधी निघाला नव्हता.

तो पूल इथून पस्तीस किलोमीटरवर आहे. जाऊन येऊन सत्तर.

चौथ्या मंगळवारचे सत्तर पाहिल्यावर सिस्टरनी बुधवार, गुरुवार, आठवडाभर काढला. त्यांना भुताची भीती वाटत नव्हती, असं नाही. पण त्याहून जास्त ती गाडी कशावर चालते, याची वाटत होती. माप चुकलं, असं त्यांच्या आयुष्यात झालं नव्हतं. पाचव्या मंगळवारी ऑपरेशन रद्द झालं, तशा त्या दुपारी तडक गॅरेजवाल्याकडे गेल्या आणि सगळे आकडे त्याच्यासमोर ठेवले. माणसांचं काही बोलल्या नाहीत.

गॅरेजवाला हात पुसत हसला. “सिस्टर, काटा शून्यावर आला म्हणजे टाकी कोरडी झाली, असं कोण म्हणालं तुम्हाला?”

“आमच्या ऑक्सिजनच्या सिलिंडरचा काटा शून्यावर आला की शून्यच असतं.”

“तिथे ठीक आहे. इथे कंपनीवाले खाली चार-पाच लिटर ठेवतात, माणूस पंपापर्यंत पोचावा म्हणून. पुस्तकातला सदतीसचा आकडाही असाच. गळ्यापर्यंत भरलीत तर दोन लिटर जास्त बसेल. टाकी म्हणजे काय औषधाची बाटली आहे, रेघ मारलेली?”

सिस्टरना इतकं हलकं वाटलं, की त्या स्टुलावर बसल्या. मग कुठेच काही विपरीत नव्हतं. गाडी शून्याखालच्या पाच लिटरवर चालत होती.

गॅरेजवाला मात्र बोटांवर मोजत होता. “पण थांबा. एका फेरीला साडेचार लिटर जाणार. वर भाजीबाजार. तुम्ही आठवड्याला टाकता चार. म्हणजे पहिले दोन मंगळवार त्या पाच लिटरनं काढले. तिसरा ओढूनताणून म्हणू. चौथा?” त्यानं सिस्टरकडे बघितलं. “चौथा कसा झाला, मला विचारू नका. टाकी आता ठणठणीत असणार. आज गाडी बाहेर काढलीच, तर काल टाकलेल्या दोन लिटरवर बत्तीस किलोमीटर. तिथे थांबेल.”

सिस्टरनी घड्याळ बघितलं. आज मंगळवार. बत्तीस किलोमीटर म्हणजे जाण्याएवढंही नाही, परत येण्याचा प्रश्नच नव्हता. नवऱ्यानं लांब जाऊ नये म्हणून त्यांनी पेट्रोल तोडलं होतं. त्याला परत यायलाही तेच पेट्रोल लागतं, हे त्यांच्या गुणाकारात कुठेच नव्हतं.

“कॅन आहे का तुमच्याकडे?” त्या उठून उभ्या राहिल्या. “आणि मोटारसायकल?”

पंपावर भरून घेतलेला पाच लिटरचा कॅन मांडीवर धरून त्या गॅरेजवाल्याच्या मागे बसल्या. दुपारचं ऊन डोळ्यांत खुपत होतं. बत्तीस किलोमीटर झाले. रस्ता मोकळा होता. तेहतीस, चौतीस. रस्त्याच्या कडेला गाडी नव्हती. 

गाडी पुलावर होती, अपघातानंतर बसवलेल्या कठड्याच्या तुकड्याजवळ. इंजिन चालू होतं. मागचं दार उघडं, आणि कंट्रोलर ते धरून उभे होते, बसच्या दारात वयस्कर प्रवाशासाठी थांबावं तसे.

“सावकाश,” ते कुणाला तरी म्हणत होते. “पायरी नाहीये. डोकं सांभाळा.”

 गॅरेजवाला सवयीनं मागच्या चाकाशी खाली बसला, टाकीला कान लावून त्यानं गाडी हलवली. आत डुचमळण्याचा आवाज नव्हता. त्यानं सिस्टरकडे बघून नुसती मान हलवली.

मागचं दार लागलं. गाडी मागच्या बाजूला किंचित बसली.

“अगं सिस्टर? तू इकडे कशी?” कंट्रोलरांच्या आवाजात अडचण होती, ड्युटीवर घरचं माणूस आल्यावर वाटते तशी. “बस पुढे. उशीर होतोय.”

गॅरेजवाल्यानं कॅन ओतला. निम्मं पेट्रोल रस्त्यावर सांडलं. सिस्टर पुढे बसल्या. मागे बघितलं नाही. पस्तीस किलोमीटर त्यांच्या मानेवर गार हवा लागत होती आणि काचा बंद होत्या. कंट्रोलर उत्तम चालवत होते. एकाही वळणावर अडखळले नाहीत. जुन्या डेपोच्या फाटकाशी त्यांनी गाडी थांबवली, उतरले, मागचं दार उघडलं, माणसाला उतरायला लागतो तेवढा वेळ थांबले आणि घड्याळात बघितलं.

“पाच झाले,” ते परत येऊन बसत म्हणाले. “नऊ राहिले.”

सिस्टरनी तिथूनच गाडी पंपावर घ्यायला लावली. “भरा. गळ्यापर्यंत.”

“आज डोस वाढवला का ताई?” पंपावरच्यानं विचारलं. त्यांनी पैसे मोजून दिले.

घरी आल्यावर मुलीचा फोन आला. “टाकी फुल्ल? आई, डोकं फिरलंय का तुझं? सहाशे किलोमीटर जातील ते!”

“तीनशे. तीनशे जाणं, तीनशे येणं. मंगळवारची सुट्टी मी मागून घेतली आहे. मी बरोबर असणार.”

आता दर मंगळवारी दोघं जातात. दार कंट्रोलर उघडतात, सिस्टर मागच्या सीटवर आधीच टॉवेल अंथरून ठेवतात. कंट्रोलरांना बुधवारी मुलीचं नाव आठवत नाही, पण मंगळवारी रस्त्यातला प्रत्येक थांबा आठवतो, परतीची वेळही. डॉक्टर म्हणतात, आश्चर्य आहे, मंगळवारी ते अगदी पूर्वीसारखे असतात.

सहावा झाला, सातवा झाला. अकराव्या फेरीला डेपोतून घरी येताना सिस्टरनी विचारलं, “अहो, सगळे आले की मग काय?”

“मग?” कंट्रोलरांनी गिअर बदलला. “मग रकाना भरला. माझी ड्युटी संपली.”

“आणि घरी कोण येणार?”

त्यांनी वळून बायकोकडे बघितलं. नजर शांत होती आणि तिला ओळखत नव्हती. फार वेळ नाही, वळण येईपर्यंतच.

पुढच्या मंगळवारी सकाळी ते बूट घालून तयार झाले, तेव्हा सिस्टर अंथरुणात होत्या. डोक्याला रुमाल बांधलेला.

“मला बरं नाही हो आज,” त्या म्हणाल्या. “पुढच्या आठवड्यात जाऊ.”

कंट्रोलर दारात घुटमळले. “ते थांबले असतील.”

“इतकी वर्षं थांबलेत. आठवडाभर आणखी थांबतील.”

 कंट्रोलरांनी खाली बसून एक बूट काढला, दुसरा काढला आणि तिच्यासाठी चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेले. साखर कुठल्या डब्यात आहे, हे त्यांनी तिथून तीनदा विचारलं. तिन्ही वेळा सिस्टरनी अंथरुणातूनच सांगितलं.