भाऊबीजेला समुद्राकाठी

समुद्र मी चाळिशीपर्यंत पाहिला नव्हता, पण कोकणातलं एक समुद्राकाठचं गाव कसं वाढलं ते मला पाठ होतं. नव्वदीच्या सुरुवातीला माझा धाकटा भाऊ तिथल्या एका लॉजवर कारकून म्हणून गेला. मी इथे मध्य प्रदेशातल्या बालाघाटला, सरकारी कचेरीत. आईवडील गेलेले. माझं लग्न झालं नव्हतं, आणि त्याची काळजी माझ्यापेक्षा शेजारणींनाच जास्त होती.

त्याच्या पहिल्या पत्रात गावात दोनच लॉज होते आणि किनाऱ्यावर मासे वाळत होते. त्या वर्षी तो दिवाळीला घरी आला. भाऊबीजेला मी ओवाळलं, त्याने तीन वाट्या खीर खाल्ली. पुढच्या पत्रांत डांबरी रस्ता आला. मासे वाळवायच्या जागेवर गाड्या उभ्या राहू लागल्या. सुरूची झाडं तोडून हॉटेलं उठली, विहिरींचं पाणी खारट झालं, टँकर आले. पर्यटकांची रीघ दिवाळीपासूनच लागू लागली. भाऊ मॅनेजर झाला आणि त्याची दिवाळीची सुट्टी कायमची गेली. सगळे त्या गावाचं कौतुक करत. मला त्या गावाचा राग यायचा.

दर भाऊबीजेला मी एसटीडी बूथवरून फोन करायचे.

"ताई, यंदा बी नाही जमत वो. सीझन सुरू होऊन राह्यला."

"हौ. मंग त्या सीझनलेच ओवाळतो मी," असं म्हणून फोन ठेवायचे आणि लगबगीने घरी यायचे. भाऊ जवळ नसेल तर बहिणीने चंद्राला ओवाळायचं, ही आपली रीत. बीजेची कोर सूर्यामागोमाग मावळते, फार वेळ थांबत नाही. गच्चीवर शेजारच्या बायका आपापल्या भावांच्या गडबडीत असायच्या. मी तबक घेऊन एका कोपऱ्यात उभी राहायचे.

अशी दहा वर्षं गेल्यावर मी हट्टाला पेटले. तो येत नाही तर आपण जायचं. निरांजन, सुपारी, अक्षतांसाठी आमच्याकडच्या लालबर्‍याचा तांदूळ पिशवीत भरला, छोट्या लाईनच्या, म्हणजे नॅरोगेज गाडीने गोंदिया गाठलं आणि तिथून पुढे दोन दिवस प्रवास केला.

हॉटेलच्या दारात एका नऊवारीतल्या मुलीने मला कुंकू लावून ओवाळलं. भाऊ शेजारी उभा, अंगाने सुटलेला, खूश.

"आमच्याकडे येईल त्याले ओवाळते, ताई. अन् तुले समुद्र दिसते अशी खोली देल्ली."

भाऊबीजेच्या संध्याकाळी मी तबक मांडून बसले. त्याचा खालून फोन आला, "पाच मिनिटं, ताई. पाहुण्यायची बस आली." सूर्य बुडाला. मी खाली फोन केला.

"आलोच, आलोच."

कोर पाण्यापासून वीतभर राहिली. निरांजनातलं तूप संपत आलं होतं. मी गॅलरीत गेले. खाली अंगणात तो सरबताचे पेले वाटत होता. त्याच्या डोक्यावर टक्कल पडू लागलं होतं, ते मला वरूनच पहिल्यांदा दिसलं. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

बालाघाटला निदान, भाऊ लांब आहे असं म्हणता यायचं. मी तबक उचललं आणि चंद्राला ओवाळलं.