खंडेनवमीची चाके

ती घटना आठवली की आजही देवापुढे हात जोडताना क्षणभर थबकतो.

ऐंशीच्या दशकात मी नाशिकला पोलीस निरीक्षक होतो. नवरात्राच्या यात्रेत एका शेठने लोखंडी रुळांवरून चढणारी-उतरणारी गाडी उभारली होती. लोक तिला रोलर कोस्टर म्हणत. खंडेनवमीच्या दुपारी उंचवट्यावरून उतरताना तिचा डबा उडाला आणि कळवणचे एक शिक्षक जागीच गेले. चालक दारू प्यायला होता, अशी फिर्याद शेठने दिली. विंचूरच्या त्या प्रौढ गृहस्थाला आम्ही अटक केली. वैद्यकीय तपासणीत दारू आढळली नाही. तरीही तो तोंड उघडेना.

सायंकाळी यात्रेतली फुलवाली ठाण्यात आली.

"साहेब, तुम्ही धरलाय त्यानंच सकाळी चाकांच्या पूजेला हार नेले माझ्याकडून. चाकं पूजेत, मंग गाडी पळाली कशावर?"

डब्याची पुन्हा पाहणी केली. रुळावर धावणारी चाके जागेवर होती. रुळाच्या खालचे आस मात्र रिकामे. सातपूरच्या कारखान्यातील एका अभियंत्याने उलगडा केला. पूर्वी परदेशात अशा गाड्या रुळांवर नुसत्या ठेवलेल्या असत, म्हणून उतार बेताचेच ठेवावे लागत. पुढे रुळाला खालून धरणारी चाके आली, आणि मगच उंच, खडे उतार व प्रवाशांना उलटे फिरवणारी वळणे शक्य झाली. भार वरची चाके वाहतात. डबा उडू देत नाहीत ती खालची.

ठाण्यात परतून हे ऐकवताच चालकाचा बांध फुटला. पूजेसाठी चाके त्यानेच काढली होती, कारण त्या दिवशी गाडी बंद राहणार होती. दुपारी गर्दी पाहून शेठने ती सुरू करायला लावली. याने चाके मागितली, तर पूजा मोडायची नाही, हळू सोड, असे उत्तर मिळाले.

"मग बोलला का नाहीस?"

"काढनारे हात माझेच ना, साहेब."

शेठच्या तंबूत चाके पाटावर मांडलेली होती. हळदकुंकू, झेंडू, आणि समईत नुकतेच घातलेले तेल. माणूस गेल्यावरही त्याने वात विझू दिली नव्हती.

"दसरा उजाडेपर्यंत आयुध उचलू नये, साहेब. आपण तर जाणता," शेठ म्हणाला.

"पहाऱ्यावरच्या शिपायाची बंदूक आम्ही पूजेत मांडत नाही. ती त्याच्या खांद्यावर असतानाच कुंकू लावतो. या चाकांशिवाय डबा उडतो, हे ठाऊक होते?"

"चाचणीत वाळूची पोती घेऊन उडाला होता. वाटलं, आजच्या दिवशी देवी सांभाळील."

लोभाने त्याने गाडी सोडली, श्रद्धेने चाके अडवली, आणि दोष मात्र नोकराच्या माथी मारला. कुणाचा जीव ज्यावर विसंबून आहे, ते पूजेसाठीही जागेवरून हलवू नये, हे मला त्या तंबूत उमगले.

पंचनाम्यासाठी बोलावलेले पंच पूजेतली चाके उचलण्यास धजेनात. तेव्हा बूट काढून मीच उत्तरपूजेला बसलो. अक्षता वाहिल्या, पण देवतेने पुन्हा यावे, अशी प्रार्थना करणारे अखेरचे शब्द माझ्या मुखातून निघाले नाहीत. चाके तशीच उचलून पंचांसमक्ष मोहोरबंद केली.