शेणाच्या गॅसवरचा चिन्नोर

मोहाडीजवळच्या आमच्या गावात पहिला गोबरगॅस आमच्याच अंगणात बसला. माझ्या लग्नाला तेव्हा दुसरंच वर्ष चालू होतं. सत्तरचं दशक संपून ऐंशीचं नुकतंच लागलं होतं. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ग्रामसेवकाचं बोलणं ऐकलं आणि घरी येऊन सांगितलं, "उद्यापासून खड्डा खोदतो."

माझं माहेर मोहाडीचं. तिथं स्टोव्ह होता. इथं आल्यावर चार बायांसोबत मी जंगलात सरपणाला जायला लागले. दर खेपेला जंगल जरा लांब सरकलेलं वाटायचं आणि परत येताना डोक्यावरची मोळी जड व्हायची. त्यामुळे खड्ड्यातून मातीची पहिली टोपली निघाली तेव्हा मला अक्षरशः नाचावंसं वाटलं.

सासूबाईंना मात्र ते अजिबात पसंत नव्हतं.

"शेणाच्या वाफेवर रांधलेलं देवाले कसं दाखवू?" त्या म्हणाल्या. "मी तं तोंडात नाही घालणार."

"पण आई, आता गोवऱ्याच तर जाळतो ना आपण? त्या पण शेणाच्याच."

"गोवरी उन्हात वाळते. ते वेगळं. तुले नाही समजत."

खालमानेनं भाकरी थापत राहिले.

बांधकाम झालं, वर लोखंडी टाकी बसली. खाली गॅस साठला की ती वर येणार होती. मी आणि मामाजी रोज शेण-पाणी कालवून आत ओतायचो. कोपरापर्यंत हात बरबटायचे. टाकी बोटभर जरी वर सरकली तरी मी घरात ओरडत जायचे, "वाढली, वाढली!" शेजारची काकू कुंपणावरून विचारायची, "पोटुशी हाय का तुमची टाकी?"

एक दिवस टाकी चांगली वर आली. स्वयंपाकघरात शेगडी तयार होती. मी काडी ओढली, चावी फिरवली. नुसता फुस्स आवाज आणि घाण वास. दुसरी काडी, तिसरी काडी, काही नाही. दारात जमलेल्या बाया पदर तोंडाला लावून हसत घरी गेल्या. मला रडूच कोसळलं. संध्याकाळी ग्रामसेवक सायकलवर आला नि म्हणाला, "पहिला गॅस जळत नाही, ताई. सोडून द्या तो. पुन्हा भरू द्या."

पुन्हा भरायला आठवडा गेला. मग एका सकाळी, कुणालाही न बोलावता, मी एकटीच शेगडीजवळ बसले. काडी लावली आणि भप्पकन निळी ज्योत! निळी, गोल, धूर नसलेली! मी तशीच अंगणात धावले. "मामाजी, पेटला! पेटला!" हातातली काडी बोटापर्यंत जळत आली तेव्हा कळलं, ती विझवायचीच राहिली होती.

चहा झाला. मामाजींनी दोन कप घेतले. सासूबाईंनी चुलीवर आपला वेगळा ठेवला. पंधरा दिवस घरात दोन स्वयंपाक चालले.

शेवटी मीच हट्टाला पेटले. सासूबाईंचं नाक गावात प्रसिद्ध होतं. नुसत्या वासावर कोणता तांदूळ कुणाच्या बांधीतला, म्हणजे कुणाच्या धानाच्या शेतातला, ते त्या सांगायच्या. मी म्हटलं, "आई, खाऊ नका. नुसता वास घ्या. एक भात चुलीवरचा, एक गॅसवरचा. ओळखून दाखवा."

"हे काय पाहून राहिली तू? माही परीक्षा?" पण डोळ्यांत चमक आली होती. त्यांनी स्वतः कणगीतून चिन्नोर काढून दिला. तो घरचा सुवासिक तांदूळ, सणावारालाच शिजायचा.

काकूला कळलं, म्हणजे अख्ख्या आळीला कळलं. सात-आठ बाया ओसरीवर येऊन बसल्या. मी दोन्ही भात सारख्याच पितळी वाट्यांत आणले. सासूबाईंनी डोळे मिटले. पहिली वाटी नाकाशी नेली. दुसरी नेली. पुन्हा पहिली.

"हा चुलीचा," त्या दुसऱ्या वाटीवर बोट ठेवून म्हणाल्या. अगदी बरोबर!

बाया टाळ्या पिटायला लागल्या. मी हरले होते. मनात म्हटलं, संपलं, आता ही शेगडी माळ्यावर जाणार. पण सासूबाईंनी पहिली वाटी खाली ठेवलीच नव्हती.

"काकू, तू घे वास," त्या म्हणाल्या. "चुलीच्या भाताले धुराचा वास हाय. याले निस्ता चिन्नोरचा. माह्या मायच्या घरी कांडताना यायचा तसा." मग त्यांनी दोन बोटांनी शीत उचललं आणि सगळ्यांदेखत तोंडात टाकलं.

मग काकू म्हणाली, "मले बी दे." वाटी बायांमध्ये फिरली आणि चाटूनपुसून परत आली.

वांगं मात्र सासूबाईंनी शेवटपर्यंत चुलीच्या निखाऱ्यावरच भाजलं, आणि ते बरोबरच होतं. पण भात, वरण, चहा गॅसवर आला. मोळीची माझी फेरी महिन्यातून एखादीच उरली. खड्ड्यातून बाहेर पडलेला शेणाचा काला मामाजींनी खत म्हणून धानाच्या बांधीत टाकला.

पुढच्या उन्हाळ्यात काकूच्या अंगणात खड्डा सुरू झाला. काकूचा नवरा नाही म्हणत होता. सासूबाई कंबरेला पदर खोचून त्याच्या दारात उभ्या राहिल्या. "काहून नाही म्हणतोस? ये माह्या घरी, आधी भात खाऊन पाह्य," असं खडसावून त्या त्याला हाताला धरून घेऊन आल्या. मी पाट मांडला आणि शेगडी पेटवली.