आतून कडी

तंबूत झोपायचं नाही म्हणून मी तीन वर्षांत जेवढी कारणं दिली, तेवढी माझ्या वर्गातल्या पोरांनी गृहपाठ न करण्याचीही दिली नसतील. कंबर धरते. सापाची भीती वाटते. तळ्याकाठी डास फोडून खातात. एकदा तर म्हटलं, तंबूच्या कापडाच्या वासानं माझं डोकं उठतं. तोवर मी तंबू हुंगलासुद्धा नव्हता.

नांदेडात आमचा सात बायकांचा सायकलगट आहे. सगळ्या चाळिशी ओलांडलेल्या. गटाच्या म्होरक्या दातांच्या डॉक्टर, एक वकील, दोघी बँकेतल्या, बाकीच्या माझ्यासारख्या मास्तरणी. रविवारी मुदखेडला जाऊन भजी खाऊन परत येणं ही आमची सुरुवात. पुढं लातूर, उदगीर असे दोन-दोन दिवसांचे दौरे व्हायला लागले. चढावर मी सगळ्यांच्या पुढं असते. हे मीच सांगितलेलं बरं, कारण दुसरं कुणी सांगत नाही.

तंबूला नाही म्हणणारी मी एकटी नव्हते. वकीलबाईंना संडासाची काळजी. बँकेतल्या एकीची सासू म्हणे, सोन्यासारखं घर सोडून रानात निजायला तुला काय घरातून हाकललंय का? पण एकेक करून सगळ्या तयार झाल्या, आणि मी मात्र लॉज शोधत राहिले.

गेल्या हिवाळ्यात डॉक्टरबाईंनी कन्याकुमारीचा बेत काढला. सगळे मुक्काम तंबूत. त्याआधी देवणीजवळ एक रात्र सराव, आणि जी सरावाला तंबूत झोपणार नाही तिनं कन्याकुमारी विसरावी. हे बोलताना त्या माझ्याकडंच बघत होत्या. मला त्या दौऱ्याला जायचं होतं. इतकं, की घरी विचारायच्या आधी मी शाळेत रजेचा अर्ज देऊन आले होते.

ठरल्या दिवशी उदगीर मागं टाकून उन्हं कलताना आम्ही एका शेतात उतरलो. शेताला लागून पाझर तलाव, कडेला मालकीणबाईंचं घर. त्यांनी जागा दाखवली आणि सहाजणींनी तंबू सोडले. काय तो गोंधळ! एकीनं नेमका खोलगट जागेत पसरला, दुसरीनं तोंड वाऱ्याकडं केलं, वकीलबाई सूचनांचा कागद कायद्याच्या कलमासारखा मोठ्यानं वाचत बसल्या. मला राहवेना. एक तर मला दुसऱ्याचं चुकलेलं बघवत नाही, हा माझा जुना रोग.

"तोंड तिकडं नको, वारा आत शिरतो. खालच्या अंगाला नको, पहाटे ओल धरते. खुंटी सरळ नाही मारायची, बाहेर झुकवून मारायची. आणा इकडं."

दगडानं खुंट्या ठोकत अर्ध्या तासात मी माझ्या नव्याकोऱ्या तंबूसकट साती तंबू उभे केले. दोऱ्या अशा ताठ, की बोट लावलं तर वाजाव्यात. डॉक्टरबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

"अगं, तू तर तंबूला हात लावत नव्हतीस. हे शिकलीस कुठं?"

मोबाइलवर बघितलं, असं सांगून मी माझ्या तंबूत शिरले आणि चेन ओढली. आत बसले. कापडातून उजेड येत होता, बाहेरच्यांचं बोलणं कानाशी ऐकू येत होतं. आणि माझा हात चेनीच्या बाजूला काहीतरी चाचपत होता. कडी शोधत होता. पन्नाशीला टेकलेली बाई मी, पगारदार, दोन लेकरांची आई, आणि कापडाला कडी शोधत होते! मला माझाच असा राग आला की तशीच बाहेर आले.

"कंबर माझी ठणठणीत आहे," मी म्हटलं. "सापालाही मी भीत नाही. मी खोटं बोलत होते. माझे आईबाप ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की ट्रकात बसून सहा महिने कारखान्याकडं. तिकडं राहायला कोपी, म्हणजे बांबू, चटया आणि उसाचं पाचट. ती उभी करायला मी सातव्या वर्षी शिकले."

मग मी सगळंच सांगून टाकलं.

कोपीला दार नसतं, पोतं लोंबतं. मी बारा-तेराची झाले त्या वर्षी मायनं गावच्या सुताराकडून एक दार करून घेतलं. गावात आमचं घर म्हणजे पडकी एक खोली, तिला बसवायचं तर भिंतही धड नव्हती. अख्खं गाव हसलं. आणि दिवाळीनंतर मायनं ते दार चौकटीसकट ट्रकात चढवलं. मुकादम ओरडला, "ए बाई, दार कशाला? उसाच्या फडात महाल बांधून राहिली का?"

माय एवढंच म्हणाली, "पोर मोठी झाली."

मुकादमानं भांड्याची पोती सरकवून दाराला जागा केली. तिकडं मायनं आधी चौकटीचे पाय जमिनीत पुरले, मग तिच्याभोवती कोपी बांधली. पाचटाच्या झोपडीला लाकडी दार, आणि त्याला आतून कडी! टोळी दोन दिवस हसत होती. पण तिसऱ्या दिवसापासून कुणालाही काम असलं, तरी तो दाराशी थांबून कडी वाजवायचा. इतर कोप्यांची पोती सरळ उचलणारा मुकादमसुद्धा. भिंत कोयत्याच्या एका घावात फाटली असती, हे सगळ्यांना कळत होतं. तरी दार दिसलं की माणूस आधी वाजवतो. त्या दारामागं चार हंगाम मी निवांत झोपले आणि दहावीचा अभ्यास केला.

"म्हणून मी तंबूत झोपणार नाही," मी म्हटलं. "कन्याकुमारी राहिली तरी चालेल."

हे सांगताना आपल्याला लाज वाटेल असं मला इतकी वर्षं वाटत आलं होतं. प्रत्यक्षात माझी मान इतकी ताठ झाली होती की सायकलवरसुद्धा कधी होत नाही. डॉक्टरबाईंनी चष्मा पुसला. वकीलबाईंनी विचारलं, "लाकूड कोणतं होतं हो?"

"बाभळीचं असेल."

"तू येतेयस कन्याकुमारीला," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तंबू तू लावायचे. झोपायला दार कुठं शोधायचं, ते तुझं तू बघ."

त्या रात्रीपुरतं दार मालकीणबाईंकडं मिळालं. अंथरूण टाकता टाकता त्यांनी विचारलं, "ह्या बाया चांगल्या घरच्या दिसून राहिल्या. पालात कामून झोपल्या?"

"हौस हाय त्यांना."

"अन् तुमाला न्हाई?"

"माझी लहानपणीच फिटली."

मग मी गावी मायला फोन लावला. तिच्या दाराची गोष्ट मी चारचौघींत सांगितली, हे तिला कसं वाटेल याची धाकधूक होती.

"माय, तुझ्या दाराचं आज सगळ्यांना सांगितलं."

"काय सांगितलीस?"

मी सगळं परत सांगितलं. ती हुं हुं करत ऐकत होती.

"अन् लाकूड कंचं म्हणालीस?"

"बाभळीचं."

"बाभळीचं?" माय अशी कडाडली की मी फोन कानापासून लांब धरला. "अगं, फळ्या बाभळीच्या! चौकट सागाची होती, सागाची! त्या चौकटीपायी सुताराकडं लई चकरा मारल्या मी. लोकाला सांगायचं तर नीट सांगत जा."

सकाळी तंबू गुंडाळायच्या आधी मी सहाजणींना ओळीनं उभं केलं आणि नीट सांगितलं.