निवलं का?

ती घटना मी मरेपर्यंत विसरणार नाही. निवृत्तीच्या निरोप समारंभात आणखी बऱ्याच घटनांबद्दल मी हेच बोललो होतो आणि त्यातल्या बहुतेक आता आठवत नाहीत. ही मात्र राहिली.

तेव्हा मी चेन्नईजवळच्या आवडी गावाकडे एका पोलीस ठाण्यात इन्स्पेक्टर होतो. एका छोट्या रेझिनच्या कारखान्यात गरम माल टाकीच्या तोंडातून उसळला आणि वरच्या मजल्यावरचा ऑपरेटर हातांवर, मानेवर भाजला. अपघाताची नोंद झाली. दुसऱ्या दिवशी ठाण्यात निनावी फोन आला. "अपघात नाही सार, वैर आहे. दोघंही मराठी, पण आपसात मराठी बोलत नाहीत. विचारा का ते."

नावं देत नाही. भाजलेले गृहस्थ तंजावरकडच्या मराठी घरातले, साठीला आलेले. त्यांना तंजावरकर म्हणू. खालच्या मजल्यावर टाकीच्या तापमापकापाशी उभा असलेला सुपरवायझर चाळिशीचा, सांगलीहून नोकरीसाठी आलेला, तो सांगलीकर. वैराचं कारण कँटीनमध्ये कळलं. तंजावरकर 'सगळं' म्हणायच्या जागी 'अस्की' म्हणत. सांगलीकर चारचौघांत हसला होता, "काका, हे कुठल्या शतकातलं?" काका म्हणाले, "तुझं मराठी पेपरातलं. ठेव तुझ्यापाशी. आजपासून तमिळच." तेव्हापासून दोघं मराठी माणसं तमिळमध्ये बोलत होती. त्यातल्या एकाला ते जेमतेम येत होतं.

तंजावरकरांच्या पत्नीनं फिर्याद दिली. मीही तंजावरी घरातला, चेन्नईतल्या वेस्ट मांबलममध्ये वाढलेला, म्हणून त्या मोकळेपणानं बोलल्या. "यांनी वरून इंटरकॉमवर विचारलं, निवलं का? तो हो म्हणाला. निवलं नव्हतं. त्याला ठाऊक होतं. सोडूं नका त्याला."

सांगलीकराचा जबाब मीच मराठीत घेतला. परक्या गावात आपल्या भाषेत बोलायला मिळालं की माणूस सैल होतो, असा माझा अनुभव.

"त्यांनी विचारलं, सहा वाजले का. मी हो म्हणालो."

"व्हॉल्व्ह उघडून नवा माल सोडण्याआधी वेळ कशाला विचारतील?"

"पाळी सहाला सुटते, साहेब. मला वाटलं, घरी जायची घाई असेल." मग म्हणाला, "त्यांचे हात कसे आहेत? ते वीणा वाजवतात."

गुन्हेगार आधी स्वतःचं विचारतो, असं आम्ही नव्या पोरांना शिकवतो. हुशार गुन्हेगारालाही हे ठाऊक असतं, हे शिकवायचं राहून जातं. दोन जबाब, दोन वेगळे प्रश्न. एक जण खोटा, आणि खुनाच्या प्रयत्नाचं कलम लावायचं तर अटक त्याच संध्याकाळी करायची होती.

कोपऱ्यावरच्या दुकानातून कॉफी आली. सांगलीकरानं ग्लासाला हात लावला नाही. आमच्या हेड कॉन्स्टेबल बाईंना राहवलं नाही. ग्लास त्याच्यापुढे सरकवत त्या म्हणाल्या, "आरिडुच्चु, कुडिंग."

त्यानं मान वर करून भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. "नाही मॅडम. अजून साडेचारच."

बाई आधी हसल्या, मग माझ्याकडे पाहू लागल्या. मी पेन खाली ठेवलं.

तमिळमध्ये 'आरु' म्हणजे सहा, आणि निवण्याचं क्रियापदही तेच. 'आरिडुच्चु' म्हणजे निवलं; बाई म्हणत होत्या, कॉफी निवली, प्या. तो आकडे आधी शिकला होता, त्याला 'सहा झाले' असंच ऐकू आलं. निवणं अजून शिकायचं होतं. वरून आलं होतं, "आरिडुच्चा?" खालून गेलं, "आमा," म्हणजे हो. मी दोन्ही जबाब प्रेमानं मराठीत घेतले, त्यामुळे हा शब्द कुठल्याच कागदावर आला नव्हता.

उरला प्रश्न, निवलं का नव्हतं? मालक म्हणाले, "ह्यूमन एरर." त्यांच्या पाठीमागे सुरक्षेची तीन प्रशस्तिपत्रं होती, काचेत. सरकारी प्रयोगशाळेतल्या रसायनतज्ज्ञ बाईंनी टाकीभोवतीचं आवरण उघडायला लावलं. आतून थंड पाणी खेळायचं ती वाट बोअरच्या खारट पाण्यातल्या क्षारांच्या थरानं जवळजवळ बुजली होती. बाई म्हणाल्या, "आतली क्रिया स्वतःच तापते. तापली की जोरात होते, जोरात झाली की आणखी तापते. वाहतं पाणी ती उष्णता घेऊन जातं, म्हणून सगळं ताब्यात राहतं. इथं पाणी वाहत नव्हतं, झिरपत होतं. त्यात माल घट्ट होत गेला, ढवळणारं पातं मधलंच फिरवत राहिलं, कडेचं जागच्या जागी. आणि त्यावर ऑपरेटरनं वरून नवा माल सोडला." निष्काळजीपणाचा गुन्हा मालकांवर दाखल झाला.

सांगलीकराला मी स्वतः इस्पितळात नेलं. तो पलंगाच्या पायाशी उभा राहिला.

"काका, मी सहा समजलो."

तंजावरकर म्हणाले, "गाढवा, सहा वाजलेले मी तुला कां विचारीन? मजपाशी घड्याळ नाही?"

"हसलो नसतो तर तुम्ही मराठीत विचारलं असतंत."

"विचारलं असतं." पट्टी बांधलेला हात त्यांनी किंचित उचलला. "ये. बस. अस्की सांग."

तो बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. बाहेर बाकावर तंजावरकरांच्या पत्नी डोळे पुसत मला म्हणाल्या, "फिर्याद परत घ्यायला काय लिहावं लागतं?"

या प्रकरणानं मला एक शिकवलं. साक्षीदाराला सोयीची भाषा देणं हा चांगुलपणा आहे. तपासाला मात्र जो शब्द त्या वेळी तोंडातून बाहेर पडला तोच लागतो. त्यानंतर मी प्रत्येक जबाबात मूळ बोल अवतरणात लिहून घेतले, भले मला ते कळोत न कळोत.

तंजावरकरांची बोटं बरी झाली. पुढे दोघांनी एकच पाळी मागून घेतली. वरून 'निवलं का' आलं की खालून आकडा सांगायचा, नुसतं 'हो' म्हणायचं नाही, असं त्यांनी आपसात ठरवलं.

मालकांनी पाहुणे बोलावून, हार घालून, भिंतीवर सुरक्षेचा भव्य फलक लावला. त्याचा खिळा पाण्याच्या पाइपात गेला, आणि तो दिवस काम बंद राहिलं.