मामांच्या घशातलं इंजिन

मोटारसायकलचं इंजिन लोखंडाचं असतं असा तुमचा समज असेल, तर तुम्ही माझ्या सासऱ्यांना भेटलेला नाहीत. ते इंजिन त्यांच्या घशात आहे. आमच्याकडं सासऱ्यांना मामा म्हणतात. राहुरीजवळच्या आमच्या वस्तीवरून या माणसानं उभी हयात एकाच मोटारसायकलवर दुधाचे कॅन वाहिले, आणि त्या गाडीशी ते जितकं बोलले तितकं आत्याबाईंशी, म्हणजे माझ्या सासूबाईंशी, काही बोलले नसतील. थंडीत गाडी सुरू झाली नाही, तर तिच्यावर गोधडी टाकून म्हणायचे, "निजू दे जरा." रस्त्यावर कुणी गियर करकरवला की दाढ दुखल्यासारखं तोंड करायचे. एकदा तर भरल्या ताटावरून उठून, उष्ट्या हातानं रस्त्यापर्यंत धावले आणि कुठल्याशा अनोळखी माणसावर खेकसले, "आरं, क्लच दाब की पुरता! तिला बी जीव हाय!"

मला पलीकडच्या गावच्या उपकेंद्रात नर्सची नोकरी लागली आणि पंचाईत झाली. त्या वाटेला एसटी नाही, नवरा नगरला कारखान्यात. घरात वाहन म्हणजे ही एकच गाडी, आणि मला येत होती फक्त सायकल. रडकुंडीला येऊन मी म्हटलं, "जाऊ दे ती नोकरी." मामा असे भडकले म्हणता! "जाऊ दे म्हनं! येवढं शिकलीस ते काय घरात बसायला? उद्यापासून शिकवनी."

शिकवणी अशी: गाडी अंगणात मधल्या स्टँडवर, इंजिन बंद. मी वर बसलेली आणि मामा समोर खाटेवर, तोंडानं, "घुर्रर्र... घूंऽऽऽ!" आवाज चढला की मी क्लच दाबायचा, चवड्यानं गियर पुढं दाबायचा, क्लच अलगद सोडायचा. आवाज धापा टाकायला लागला की टाचेनं एक गियर खाली. चुकून पायाकडं पाहिलं, तर मामा खोकायचे. म्हणजे गाडी बंद पडली, पुन्हा पहिल्यापासून. "गियर डोळ्यानं न्हाई, कानानं बदलत्यात, पोरी!" आत्याबाई चुलीपासून ओरडायच्या, "अवो, घसा बसंल! शेजारपाजार हसतंय!"

पुढं रस्त्यावर गेलो, तरी मामा मागं बसून घूं घूं चालूच. मीही त्यांच्याच आवाजावर गियर टाकायची. खऱ्या इंजिनाकडं लक्ष द्यायचं असतं, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. रुजू व्हायच्या आदल्या दिवशी कालव्याच्या चढावर समोरून उसाची ट्रॉली आली, नेमका तेव्हाच मामांना ठसका लागला, मागचा आवाज थांबला, आणि मी भर चढात गाडी बंद पाडली. ट्रॉलीवाला पोट धरून हसत गेला. मला वाटलं, संपली आपली नोकरी.

मामा उतरले. म्हणाले, "चुकी माझी हाय. मी गप बसलो तर तू तिचं ऐकशील. खाली जा आन् एकटी चढवून आन. मी हितं हुबा हाय."

गेले. काय करते! तिसऱ्या गियरमध्ये चढाला लागले, आणि निम्म्यावर गाडी धापा टाकायला लागली. अगदी मामांसारखी, हुबेहूब! टाच आपोआप खाली गेली, दुसरा पडला, आणि गाडी तरतरत वर आली. वर मामा डोक्यावरचा टॉवेल हातात घेऊन भर रस्त्यात नाचत होते. दुसऱ्या दिवशी मी वेळेवर रुजू झाले.

आजही मी तीच गाडी चालवते. मामांना मात्र हल्ली कमी ऐकू येतं. कानाचं मशीन आणलंय, पण ते खिशातच असतं. "गाडी डब्यात कोंडल्यावानी वाजती त्यात," म्हणतात. मी वळणावर आले, दारात आले, तरी त्यांना कळत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून घरी आले की पर्स ठेवायच्या आधी मी खाटेवर बसते, त्यांच्या कानाशी तोंड नेते आणि कालव्याचा अख्खा चढ वाजवून दाखवते, "घूंऽऽऽ..." मामा डोळे मिटून ऐकतात. चढाच्या निम्म्यावर माझा आवाज धापा टाकतो, आणि त्यांची डावी टाच हळूच जमिनीला टेकते.